जांभळाचं बटण

पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांच्या चौकटी पडद्यावर मांडायची विद्या या पृथ्वीतलावर एकट्या आपल्यालाच येते, असं माझ्या शेजारच्या खुर्चीवरल्या गृहस्थांचं ठाम मत होतं. पोशीरहून मोटरसायकलने रसायनीच्या आमच्या कारखान्यात येऊन ते हे मत रोज सांगत, त्यामुळे पुढेपुढे ते माझंही झालं. कॅन्टीनची चौकट सगळ्यात मोठी, कारण खऱ्या बातम्या तिथेच. मॅनेजरसाहेबांच्या केबिनची कोपऱ्यात, नखाएवढी. साहेबांनी कारण विचारलं तर, तुमच्यावर नजर ठेवायची आमची काय बिशाद, म्हणून मोकळे. एखादं बटण केसभर डावीकडे सरकवण्यात त्यांची जेवणाची सुट्टी जाई. त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी कोणी खाल्ली तरी पत्ता नसे. मी खाल्ली आहे.

बटणांवर नावं मात्र त्यांना खपत नसत. कॅन्टीनला किटली, मागच्या भिंतीला तिथल्या झाडावरून जांभूळ, नदीकडच्या पंपाला म्हैस, कारण ती तिथे रोज डुंबते. या चित्रांवर बोट ठेवून पहारा करी ती वाडीवरची सखूबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण कारखान्याचा कोपरान् कोपरा पाठ होता.

मग मुख्य कचेरीतून एक साहेब आले. चित्रं काढा, इंग्रजी नावं घाला, वाचता येत नाही त्याला गेटावर उन्हात उभं करा, असा त्यांचा हुकूम. सखूबाईने पिशवी उचलली. आमचे गृहस्थ रागाने लालबुंद झाले, पण आवाज मऊ ठेवून त्यांनी एक परीक्षा सुचवली. एका पडद्यावर साहेबांची नावं, दुसऱ्यावर चित्रं. तेवढ्यात फोन आला, मागच्या भिंतीच्या भगदाडातून काहीतरी आत शिरलंय. साहेब नावांच्या तिसऱ्या ओळीवर असतानाच सखूबाईने जांभूळ दाबलं होतं.

"बकरी हाय," ती म्हणाली, "गाभण हाय."

"साहेब, नाव वाचावं लागतं," गृहस्थ म्हणाले. "जांभूळ नुसतं दिसतं."

सखूबाईची खुर्ची राहिली. बकरी आपणहून आली की कोणी आणवली, हे मी अजून विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमचे गृहस्थ निवृत्त झाले. हार, नारळ झाले आणि ते खाली उतरले. सखूबाई आपल्या खुर्चीवरून एकेक चित्र दाबत त्यांच्या मागोमाग निघाली. जिना, किटली, वजनकाटा, मोठं गेट. त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि ते चौकटीबाहेर गेले.

"पुढलं बटन कुठं हाय?" तिने मला विचारलं.

तिथून पुढे आपला कॅमेरा नाही, असं सांगून मी गेटची चौकट तशीच राहू दिली.