शेळ्यांचा ताप

नव्वदच्या दशकात ओमानमधल्या सहमच्या एका मळ्यात, शेळ्यांच्या पत्र्याच्या खोलीत, मी रेडिओलहरींचं यंत्र चालवायचो. या लहरींनी शेळीच्या अंगातली उष्णता वाढते का, हे जनावरांचे एक ओमानी डॉक्टर शोधत होते. मी राजापूरकडचा वायरमन, मला शेळीत रस तो फक्त रश्श्यापुरता. यंत्र सुरू करून तासभर बाहेर सावलीत थांबायचं आणि मग ते बंद करायचं. मग शेजारच्या खोलीतून चहा संपवून डॉक्टर यायचे, थर्मामीटर लावायचे. यंत्र चाललं की ताप चढलेला, नाही चाललं की नाही. डॉक्टर भलतेच खूश होते.

प्रयोगाच्या शेवटच्या दुपारी जनरेटरमध्ये डिझेल ओतताना मला एकदम उमगलं. गावाकडे व्होल्टेजची कायम बोंब. विहिरीचा पंप लावायचा तर आधी घरातले सगळे पंखे बंद, नाहीतर मोटर जळलीच म्हणून समजा. तीच सवय हाताला लागलेली. यंत्र सुरू करण्याआधी मी रोज एसी बंद करत होतो आणि नंतर पुन्हा लावत होतो. बाहेर जूनचं ऊन. त्या पत्र्याखाली तासभर मला बसवलं असतं तर मलाही ताप चढला असता. यंत्र नसलेल्या दिवशी मात्र एसी अखंड चालू!

दुसऱ्या दिवशी राजधानीतल्या बौशरच्या ऑफिसात डॉक्टर वरिष्ठांसमोर निकाल वाचणार होते. माझी बायको-मुलगी महिन्यापूर्वीच माझ्या व्हिसावर आल्या होत्या. बोललो तर तिघांचीही रवानगी. नाही बोललो तर कुणाला काही कळणार नव्हतं. मी घाबरट माणूस आहे, तासभर उगाच एकच वायर तपासत बसलो. शेवटी उठलो.

"डॉक्टर, एक गलती हो गया."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मशीन बंद रखो. एसी भी बंद. यल्ला, चलो."

तासभर आम्ही दोघं शेळ्यांबरोबर त्या भट्टीत उभे राहिलो. मग त्यांनी थर्मामीटर लावला. ताप तेवढाच चढला होता.

"खलास," ते म्हणाले. "कल तुम भी चलो."

सकाळी बौशरला मला सगळ्यात मागची खुर्ची मिळाली. डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "निकाल चुकीचा आहे. चूक माझी. शेळ्यांच्या खोलीत मी एकदाही बसलो नाही." कुणीतरी हसलं. ते काम त्याच दिवशी त्यांच्याकडून काढून घेतलं.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला तेवढंच हवं होतं. एसी माझ्या हातून बंद होत होता, हे सांगायला दोन पायांवर उभं राहायचं होतं फक्त. त्यानंतर मी अकरा वर्षं ओमानात राहिलो, मुलगी तिथेच शिकली. पण त्या दिवशी त्या खुर्चीवरून मी उठलो नाही.