काकांनी न झुललेल्या चार दुपारी

आधी काकांचं सांगते, कारण पुढे माझा राग बोलायला लागला की ते मागे पडतील. माझी नोकरी वाचवली ती आमच्या घरमालक काकांनी. चार दुपारी ते स्वतःच्या झोपाळ्यावर बसले नाहीत, म्हणून वाचली.

सुभानपुऱ्यात काका-काकूंच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहते. काकांचे आजोबा संस्थानात कारकून होते, तेव्हापासून हे घर बडोद्याचं. मी लातूरकडची, आठवीनंतर शाळा सुटलेली. इथे आधी मकरपुऱ्याला पॅकिंगचं काम केलं, मग हे फोनचं मिळालं. पाण्याच्या फिल्टरची एक कंपनी आहे, तिच्या महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी मराठीत ऐकून घ्यायच्या, खोलीत बसून, कॉम्प्युटरवर. अलकापुरीच्या ऑफिसात त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि दाखला मागितलाच नाही. असं दुसरं काम मला कुठे मिळणार, ही धास्ती तेव्हापासून माझ्या उशाशी आहे.

त्या कामासाठी मी घरात नेट घेतलं. तीन महिने बरं चाललं. मग ते पडायला लागलं. गिऱ्हाईक बोलत असताना राउटरवरचा हिरवा दिवा लाल व्हायचा आणि फोन तुटायचा. पाचेक मिनिटांनी आपोआप हिरवा. तोवर ते गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाला तरी गाठून माझ्या नावाने ओरडून मोकळं झालेलं असायचं.

मी तक्रार केली. नेटवाला आला सकाळी अकराला. ज्याने जोडणी केली होती तोच, गळ्यात ओळखपत्र, बूट न काढता आत. दिवा हिरवा होता. त्याने राउटर बंद केला, चालू केला आणि म्हणाला, झालं. मी म्हटलं, दुपारी पडतं. तो हसला. दुपारी पडतं म्हणजे काय, नेटला झोप येते? मी काहीतरी सांगू लागले, तारेचं, दिव्याचं, मला जसं सांगता येत होतं तसं. त्याने मधेच विचारलं, ‘बेन, केटलुं भण्या छो?’

किती शिकलात, एवढंच. काकू दारात उभ्या होत्या. माझे कान गरम झाले. त्याने मोबाइलवर आलेला कोड मागितला आणि मी तो देऊन टाकला. तो कोड दिला की त्यांच्याकडे तक्रार मिटल्याची नोंद होते. मी स्वतः दिवसभर लोकांना बजावते, काम तपासल्याशिवाय कोड देऊ नका. आणि मी दिला, तो घरातून लवकर जावा म्हणून.

तो अजून दोनदा आला. दोन्ही वेळा सकाळीच, दिवा हिरवा असताना. दोन्ही वेळा मी कोड दिला. तिसऱ्यांदा जाताना तो काकूंना म्हणाला की यांना वापरता येत नाही, तुम्ही जरा शिकवा.

त्या दिवसापासून मी वही सुरू केली. नेट पडलं की तारीख, वार, घड्याळातली वेळ. दुरुस्तीसाठी नाही. ह्या माणसाची नोकरी घालवायची होती मला. जेवताना, कपडे धुताना मी एकच वाक्य घोळवायचे: ‘तुम्ही किती शिकलात?’ कुठल्या आवाजात विचारायचं, आधी पाणी द्यायचं की नंतर, सगळं ठरलेलं.

एका बुधवारी सुपरवायझर मॅडमनी सांगितलं की पुढच्या बुधवारपर्यंत एकदा जरी फोन तुटला तर काम बंद. आवाज चढवला नाही त्यांनी, त्यामुळे जास्त खरं वाटलं. संध्याकाळी वही घेऊन मी काकांकडे गेले. म्हटलं, कंपनीच्या मोठ्या साहेबाला इंग्रजीत अर्ज लिहून द्या. असा लिहा की तो माणूस घरी बसला पाहिजे.

काका सरकारी कचेरीत जन्म घालवलेले. पुरावा पाहिल्याशिवाय अर्ज लिहायचा नाही ही त्यांची सवय. चष्मा लावून ते वही वाचू लागले. सव्वा एक. साडेचार. एक वीस. साडेचार. पानं उलटता उलटता त्यांचा हात मंदावला.

‘गुरुवारी काहीच नाही?’

‘गुरुवारी चांगलं असतं.’

गुरुवारी काका पाणीगेटला बहिणीकडे जेवायला जातात, ते दिवेलागणीलाच परत. त्यांनी वही मिटली आणि काकूंकडे बघितलं. ‘अगं, हे तर माझं टाइमटेबल आहे.’

हॉलमध्ये त्यांचा लाकडी झोपाळा आहे. इथे सगळे हिंचकोच म्हणतात, काकूसुद्धा. जेवण झालं की काका त्यावर बसून पेपर वाचतात, साडेचारला पुन्हा चहा घेऊन. मी मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली, मला कुठली करकर ऐकू येणार?

‘बसा तुम्ही,’ काकू म्हणाल्या. ‘तशीही तुमची कुठे काही चूक असते.’

काका बसले. मी खोलीच्या दारातून दिव्याकडे बघत होते. पहिला झोका, दुसरा. तिसऱ्याला दिवा लाल.

मग आम्ही तिघांनी वर पाहिलं. खिडकीतून आलेली पांढरी वायर भिंतीवरून जायला हवी होती. ती छतावरून सरळ येऊन झोपाळ्याच्या कडीला दोन वेढे देऊन माझ्या खोलीत गेली होती. जोडणीच्या दिवशी नेटवाला म्हणाला होता, चिंता ना करो बेन, भिंतीला खिळासुद्धा लागणार नाही. आठ-दहा क्लिपा ठोकायचा कंटाळा. झोक्यागणिक वायर वाकत होती, रोज थोडी जास्त.

काका शिडी आणायला निघाले, काकूंनी हाताला धरून बसवलं. वायरच्या आत काच असते, तुटली तर आठवडा गेलाच. मी पुन्हा तक्रार नोंदवली. तिकडून सांगितलं, पुढच्या बुधवारी माणूस येईल.

काका म्हणाले, बरं, मग बुधवारपर्यंत हिंचका बंद.

गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी जेवणानंतर ते खुर्चीवर बसले. शनिवारीही. पाय जमिनीवर टेकवून त्यांना पेपर वाचता येत नव्हता. एकच पान धरून बसायचे, टाच आपोआप हलत राहायची. डुलकी लागायची नाही, गुडघा आखडायचा. सोमवारी मी जाऊन म्हटलं, काका, पाच मिनिटं बसा, तेवढा वेळ मी फोन घेत नाही. ते म्हणाले, तुझं काम कर. मधल्या रविवारी मला सुट्टी होती, तेव्हा मात्र सकाळपासून झुलले. काकू म्हणाल्या, उतरा, नाहीतर ताट तिथेच बांधून देते.

सोमवार, मंगळवार. चार दुपारी माझा एकही फोन तुटला नाही.

बुधवारी अकराला तो आला. मी तासाभराची सुट्टी घेतली होती. तो थेट राउटरकडे निघाला.

मी म्हटलं, ‘तिकडे नाही. बूट काढा, आणि इथे बसा.’

‘हिंचक्यावर?’

‘झोका घ्या.’

काका-काकू समोर उभे होते, म्हणून तो बसला. झोके घेऊ लागला, मोठा माणूस, मांडीवर बॅग धरून. मी राउटर खोलीच्या दारात त्याला दिसेल असा ठेवला होता. दिवा लाल झाला. त्याने वर पाहिलं, स्वतःचे दोन वेढे ओळखले. मग मी विचारलं. आवाज ठरवला होता तसा आला नाही, जरा कापला. पण विचारलं.

‘तुम्ही किती शिकलात?’

‘डिप्लोमा,’ तो खाली बघून म्हणाला.

‘मी आठवी.’

पाणी दिलं नाही मी. पाऊण तास तो शिडीवर होता. मी मधेमधे येऊन बघत होते. नवी वायर खिडकीपासून भिंतीच्या कडेने, हाताहाताच्या अंतरावर क्लिप ठोकत त्याने नेली. कोड मागितला. मी म्हटलं, साडेपाचला फोन करा, दुपार जाऊ दे. तोवर त्याचं काम कागदावर अडकून राहिलं, वरून दोनदा विचारणा झाली म्हणाला. कोड दिला साडेपाचला, आणि शेरा विचारला तेव्हा पाचातला एक तारा. वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. कुणाला किती शिकलात विचारताना तो क्षणभर अडखळत असेल तर ती माझी कमाई.

पण त्या दुपारी काका झोपाळ्याकडे फिरकेनात. म्हणाले, तुझ्या मुदतीचा आज शेवटचा दिवस, उगाच कशाला. मी म्हटलं, बसा, नाहीतर मला कळणार कसं? खोलीत आले आणि मुद्दाम फोन घेतला. सोलापूरकडच्या एक बाई फिल्टर गळतोय म्हणून सांगत होत्या. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. बाहेर करकर सुरू झाली. एक, दोन, तीन. मी दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवाच. बाई विचारत होत्या, ऐकताय ना? म्हटलं, ऐकतेय, सांगा.

काम टिकलं. काकांना मी पेढे नेले, ते काकूंनी उचलून ठेवले, काकांना साखर आहे. ते ऋण अजून तसंच आहे. काकांचा गुडघा वर्षागणिक कुरकुरतोय. एक दिवस त्यांच्या पायाला जमिनीवरून रेटा देता येणार नाही. तेव्हा मी कुठल्याही गावात, कुठल्याही कामावर असले तरी दुपारी सव्वा एकला येऊन उभी राहीन आणि त्यांना झोका देईन. पेपरचं पान उलटेपर्यंत नाही, डुलकी लागेपर्यंत. चार दुपारी तरी नक्की.