वाकळीच्या पोटातला घास

गोष्ट पाहिजे, गोष्ट पाहिजे म्हणून आमच्या छोट्या संग्रहालयाच्या साहेबांनी माझं डोकं उठवलं होतं. जुन्या वाकळी गोळा करायची कल्पना त्यांचीच. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून मी तिथे बिनपगारी जाऊ लागले, आणि प्रत्येक वाकळीखालची पाटी लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. "मॅडम, नुसतं 'सुती, हाताने शिवलेली' हे वाचायला कोण येणार? मागची गोष्ट लिहा."

आता वाकळीमागे गोष्ट ती काय असणार? फाटकी लुगडी, विरलेली धोतरं थरावर थर घालून शिवायची आणि पांघरून झोपायचं. आणून देणाऱ्यांना विचारावं तर म्हणत, "थंडी वाजती म्हणून शिवली की." एका गृहस्थांनी पणजीची म्हणून मोठ्या तोऱ्यात आणलेली वाकळ मी उलटून पाहिली, तर खालच्या थरात शाळेच्या गणवेशाचं टेरिकॉट. तरी ते माझ्याशी वाद घालत होते.

अशातच गगनबावड्याकडची एक बाई सासूची वाकळ घेऊन आली. "सासू लेकीकडं मलकापूरला गेल्यात. घरात आता चांगली ब्लँकेटं हायती. ह्ये कशाला ठेवायचं?" मी कागद पुढे केला, तिने सही केली. प्रगतिपुस्तकावर पालकांचीच सही आहे ना, हे बघण्यात माझा जन्म गेला. पण सासूला विचारलंस का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

वाकळ झटकताना बरोबर मधोमध हाताला काहीतरी टणक लागलं. कसरीने आधीच आमच्या दोन वाकळींची चाळण केली होती, त्यामुळे मी लगेच टाके उसवले. आत नाचणीच्या भाकरीचा तुकडा, वाळून दगड झालेला. काय ही माणसं, अंथरुणात बसून खातात आणि वर तेच शिवून टाकतात, असं पुटपुटत मी तो केराच्या डब्यात टाकला. टाके पुन्हा इतके बेमालूम घातले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग माहेरच्या लुगड्यांची ऊब वगैरे चार ओळी मनाने रचून पाटीही लिहिली. साहेब खूश. वाकळ थेट दारासमोरच्या काचेच्या कपाटात गेली.

दिवाळीनंतर तीच सून पुन्हा आली. या वेळी सोबत सासू होती, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत आलेली.

"माझी वाकळ द्या," म्हातारी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "त्या ब्लँकेटात झोप न्हाय लागत. आख्खा पावसाळा टक्क डोळं उघडं ठेवून काढलाय मी."

साहेबांनी रजिस्टर काढलं. एकदा नोंद झालेली वस्तू परत देता येत नाही, सुनेची सही आहे, आणि मॅडम, तुमच्याच पाटीमुळे लोक ती बघायला येतात. माझं टाळकंच सरकलं. सही सुनेची आहे, वाकळ सासूची आहे, आणि पाटीवरची गोष्ट खोटी आहे, ती मी घरी बसून रचली आहे, असं मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तासभर आमची जुंपली होती. सून मान खाली घालून पदराशी चाळा करत बसली होती. शेवटी साहेब म्हणाले, रीतसर अर्ज द्या. अर्ज मीच लिहिला, म्हातारीने अंगठा उठवला, कपाटाचं कुलूप निघालं.

वाकळ मांडीवर घेताच तिचा हात सरळ मधल्या जागेवर गेला. तिथे दाबलं, चाचपलं, मग उलट्या बाजूने चाचपलं.

"घास कुठं गेला?"

मी काढला, म्हणाले. कसर लागेल म्हणून. टाकून दिला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला समजावून सांगितलं, मी पहिलीतली मुलगी असल्यासारखं. "वाकळ पुरी व्हायच्या आदी मधी घास घालत्यात, बाई. उपाशी ठेवत न्हाईत तिला. ह्यो माझ्या आयनं घातलेला. मी नांदायला जायच्या आदल्या दिशी. म्हणली, जाशील तितं उपाशी न्हाय ऱ्हायाचीस."

शरमेने मी माझा डबा उघडला, चपातीचा तुकडा मोडला, सुई-दोरा काढला. आत्ता शिवून देते, आजी, म्हणाले.

तिने माझ्या हातातल्या चपातीकडे पाहिलं. मग वाकळीची घडी घातली, कडा सारख्या केल्या आणि ती माझ्या टेबलावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या हितंच," ती म्हणाली. "आय कुठनं आणू आता?"