आर्याच्या पट्ट्या मी कशा स्वच्छ केल्या

माझ्या मावसबहिणीचा आल्प्समधला दिवस मी लंडनमधल्या एजवेअरच्या बाथरूममध्ये बसून बिघडवला. तोही दोन दिवस आधी.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. लांज्याहून निघाले ती एमएस्सीला लंडनमध्ये, आणि राहायला मावशी-काकांकडे. मावशी खूप मायेची आहे. फक्त तिच्या प्रत्येक वाक्यात आर्या असते. आर्या म्हणजे तिची मुलगी, इथेच जन्मलेली. मला चांगले मार्क पडले, की मावशी म्हणायची, "छान हो तेजू. आमची आर्या तर अभ्यास न करता..." (हे वाक्य कधी पूर्ण व्हायचं नाही. लागायचं मात्र पूर्ण.)

मार्चमध्ये आर्या चार मैत्रिणींबरोबर स्की टूरिंगला निघाली. स्कीवरून घसरत खाली येणं साधी माणसंही करतात. या मुली स्की पायांत घालून आधी हिमनद्या चढणार होत्या आणि मग उतरणार होत्या. मावशीने हे सगळ्या एजवेअरला सांगितलं. मी म्हटलं, चढच चढायचे तर आमच्या लांज्याला काय कमी आहेत? हे मी गमतीत म्हणाले होते. तसं ते ऐकू गेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आर्याने ऑफिसमधून मेसेज केला, की खोलीत स्कीचं सामान काढून ठेवलंय, प्लीज बॅगेत भरशील का. मी भरायला गेले. खुर्चीवर दोन लांबलचक पट्ट्या लोंबत होत्या. एका बाजूने मांजराच्या पाठीसारख्या मऊ, आणि दुसऱ्या बाजूने इतक्या चिकट, की उचलताच एक माझ्या बाहीला बसली. ती सोडवेपर्यंत दुसरीने केस धरले! त्या चिकट बाजूवर लोकरीचे धागे, धूळ, आता माझे चार केस. एवढी महागडी वस्तू आणि ही दशा! आमच्याकडे कुणाच्या हातात वस्तू द्यायची तर पुसून देतात. आणि चिकटा कसा काढायचा हे कोकणातल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. फणस कापला की हाताला चीक लागतो, त्यापुढे साबण हात टेकतो. तिथे खोबरेल तेलच लागतं.

दीड तास चोळलं. मग भांड्यांचा साबण, मग गरम पाणी, मग हेअर ड्रायर. शेवटी पट्ट्या अशा झाल्या, की माशी बसली असती तर घसरून पडली असती. (पट्ट्यांच्या पिशवीवर धुण्याच्या टबाचं चित्र होतं आणि त्यावर फुली. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, ती सूचना पिशवीसाठी असेल. तेव्हा खरंच तसं वाटलं होतं, असं मी अजूनही स्वतःला सांगते.)

शनिवारी सकाळी मावशीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात आर्याचं लोकेशन दिसत होतं. निळा ठिपका केबल कारने झरझर वर चढत होता आणि मावशी दर दोन मिनिटांनी "बघ गं, बघ" म्हणत होती. मी बघत होते. पोह्यांतल्या मिरच्या एकेक करून बाजूला ठेवत होते.

मग ठिपका थांबला. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, हलेना. मावशी म्हणाली, पोरगी बर्फाच्या भेगेत पडली. काकांनी शांतपणे समजावलं, की भेगेत पडली असती तर सिग्नल गेला असता. यामुळे मावशीला मुळीच धीर आला नाही. मी म्हटलं, फोटो काढत असतील.

तेवढ्यात फोन वाजला. मावशीने स्पीकरवर टाकला.

"आई, माझा स्किन्स चिकटतच नाहीये. एक स्टेप पुढे, दोन स्टेप मागे. सगळे माझ्यासाठी थांबलेत. अँड व्हाय डू दे स्मेल ऑफ कोकोनट?"

स्किन्स म्हणजे काय, हे काकांनी तिला विचारलं तेव्हा मला कळलं, की त्या पट्ट्या स्कीच्या तळाला चिकटवायच्या असतात, म्हणजे चढताना स्की मागे घसरत नाही. मी जो कचरा म्हणून काढला, तो कारखान्यातून मुद्दाम लावलेला गोंद होता!

इकडे मावशी पांढरीफटक पडली. तिने आर्याच्या बॅगेत नारळाच्या वड्यांचा डबा कोंबला होता.

"वड्यांना तूप सुटलं असणार."

"तुला म्हटलं होतं, डबा देऊ नकोस," काका म्हणाले.

"मीच वाटोळं केलं हो तिच्या दिवसाचं." मावशीने टी टॉवेल डोळ्यांना लावला.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. वड्या काही साक्ष द्यायला येणार नव्हत्या. मी चहाचा कप दोनदा उचलला, दोनदा ठेवला. पण मावशीचे खांदे हलायला लागले आणि माझ्याच्याने राहवेना.

"मावशी, तुझ्या वड्या नाहीत. मी केलं ते. घाण वाटली म्हणून तेल लावून घासलं. दीड तास."

मी मनात बॅग भरायला घेतली. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचं भाडं आठवू लागले.

"दीड तास?" मावशीने टॉवेल खाली केला आणि फोनकडे वाकली. "ऐकलंस, आर्या? दीड तास घासलंन् तिने. तू स्वतःचा कप तरी विसळतेस का?"

"आई, शी रुइन्ड माय—"

"काही रुइन्ड वगैरे नाही. काम म्हणून केलं पोरीने. आमची तेजू कामाला वाघ आहे."

आमची तेजू! हे दोन शब्द ऐकायला मी सहा महिने त्या घरात थांबले होते. मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिचा नंबर दुसरा लागला.

पुढे केबल कारच्या स्टेशनवरच्या एका भल्या माणसाने आर्याला जुन्या पट्ट्या दिल्या. तोवर तिच्या चारही मैत्रिणी तासभर थंडीत थांबून राहिल्या. (माझ्यासाठी युनिव्हर्सिटीत कुणी लिफ्टचं दारही धरत नाही.) दुपारी फोटो आला. निळं आभाळ, पांढरीशुभ्र हिमनदी, आणि स्की उंच धरून एका रांगेत उभ्या पाच मुली.

"कशी दिसतेय गं?" मावशीने विचारलं.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी पट्ट्या पाहिल्या. घट्ट बसल्या होत्या. मग चेहरा पाहिला. इतका आनंदी होता, की मी फोटो परत लहान केला.

"छान," मी म्हटलं. खरं उत्तर 'मला हेवा वाटावा इतकी सुखी' असं होतं, पण एका दिवसात दोन कबुल्या मला झेपल्या नसत्या.