मालनने आणलेली सुपं

मालनला वाटलं होतं, रत्नागिरीतल्या समुपदेशक बाई तिच्या नवऱ्याला बोलावून चांगलं खडसावतील. कसलं काय! ईशा मॅडम म्हणाल्या, "ताई, इथे फक्त तुमच्याविषयी बोलायचं." आता संगमेश्वरच्या पलीकडून एसटीने आलेल्या बाईने स्वतःविषयी काय बोलायचं? पहिले दोन गुरुवार ती नुसती पदराला पीळ देत बसली.

तिसऱ्या गुरुवारी मात्र सगळं भडाभडा बाहेर आलं.

नवऱ्याने, संदेशने, मुंबईत दुसरी बाई ठेवलीय हे तिला ठाऊक होतं. पण गौरीच्या सणाला जे झालं ते! सासू गोदाबाईने तिला बाजारात धाडलं. "पाच सुपं आन गो, चुलतदिराच्या नव्या नवरीचा ओवसा हाय." ओवसा म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे भरली सुपं ओवाळायची, तेव्हा ती खरी घरची होते. मालनने एकेक सूप उजेडात धरून, वीण बघून आणलं. लगेच सासू म्हणाली, "तुजी भावजय आजारी हाय ना? जा, चार दिस माहेरी ऱ्हा." केवढं कौतुक वाटलं हो तिला सासूचं!

महिन्याने शेजारणीच्या मोबाइलात व्हिडिओ दिसला. तीच सुपं, आणि ओवसायला उभी ती मुंबईवाली. सगळी वाडी जेवून गेली होती, एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

"नवऱ्यापेक्षा याचं दुःख जास्त?" मॅडमनी विचारलं.

"नवरा काय, वर्षातनं दोनदा येणारा पाहुणा. पण म्हातारीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून पाच वर्षं मी तिला न्हाऊ घालतेय, मॅडम. माझा गळा तिने कापला."

"हे त्यांना सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. म्हातारीने नजरसुद्धा खाली घातली नाही.

"तुला कळलं असतं तं तू निघून गेली असतीस. मंग माजं कोनी केलं असतं?"

मालनला आता कळलं. म्हणजे सून ती दुसरी, आणि आपण बिनपगारी मोलकरीण! पोटभर रडली बिचारी. मग डोळे पुसून तिने म्हातारीला पेज भरवली, आपली पिशवी भरली आणि संदेशला फोन लावला.

"जिचा ओवसा केलात, तिला शनिवारच्या गाडीत बसवा. तुमच्या आयेला न्हाऊ घालायचंय."