कलमाचा रकाना

गजानन सरांचा अर्धा जन्म दुसऱ्यांचे नियम वाचण्यात गेला. मूळचे साताऱ्याचे, पण वीस वर्षं जयपुरात. बनी पार्कातल्या आमच्या छोट्या ऑफिसात ते कंपन्यांची सुरक्षा धोरणं घेऊन बसायचे आणि वाक्यावाक्यातून दारं-कुलपं चालवणाऱ्या संगणक यंत्रणेसाठी अटी काढायचे. प्रत्येक अटीसमोरच्या रकान्यात धोरणातल्या कलमाचा आकडा. "कलम नाही तर अट नाही, अनुया," हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मी चिडायचे. कागद म्हणजे काय ब्रह्मवाक्य लागून गेलं का हो? ते नुसते हसायचे.

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं. धोरण सांगत होतं, रसायनांच्या गोदामाचं दार जातायेता ज्याच्या त्याच्या कार्डानंच उघडावं. सरांनी तशी अट लिहिली. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा गोदाम सांभाळणाऱ्या देवरामनं त्यांना बाजूला घेतलं; मी शेजारीच होते. ठेकेदाराच्या माणसांना कार्ड मिळतच नाही, म्हणाला. ती त्याच्याच मागोमाग आत शिरतात. "और मैं बाहर रहा, साहबजी, तो वो निकलेंगे कैसे?"

सरांनी ते डायरीत टिपलं. ऑफिसात येऊन धोरण दोनदा चाळलं, पण तसं कलम काही सापडेना. नवी अट लिहायची राहिली ती राहिलीच. खोटं कशाला बोलू, मीही विसरले.

मे महिन्यात गोदामात रसायनाचं पिंप फुटलं आणि आत वाफ कोंडली. देवराम पाणी प्यायला बाहेर गेला होता. तो धावत येईपर्यंत आतले दोघं दार बडवत होते. एक वाचला. दुसरा, अरुण, बावीस वर्षांचा, गेला.

कारखान्यानं देवरामला घरी बसवलं. कार्ड नसलेली माणसं आत घेतली, नियम मोडला, म्हणे! चौकशीसाठी आमच्याकडून एक पत्र हवं होतं, की सगळ्या अटी धोरणाप्रमाणेच होत्या. आणि होत्याच, हीच तर मेख.

"सही करा आणि मोकळे व्हा, सर," मी म्हणाले. "नोकरीची दोन वर्षं उरलीत. कशाला विकतचं दुखणं घेता?" या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

सरांनी डबा उघडला नाही. "अगं, त्यानं मला सांगितलं होतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दुपारी देवरामचाच फोन आला. "आपको तो बताया था ना, साहबजी? बस, इतना कह दीजिए." सर कसंबसं "हां, भैया" म्हणाले.

मग त्यांनी अटींचा जुना तक्ता काढला आणि शेवटी हातानं एक ओळ लिहिली: कार्ड नसलेल्या माणसालाही आतून दार उघडता आलं पाहिजे. तारीख मागची नाही, लिहिली त्याच दिवसाची घातली. कलमाच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे लिहिलं, "देवराम यांनी पाहणीच्या दिवशी सांगितलं होतं. मी अट घातली नाही."

खाली सही केली, डायरीचं पान जोडलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"तूही होतीस ना गं तिथं?"

मला सही करायला किती वेळ लागला, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.