कुंकवाखालचं लोखंड

प्रियदर्शनी वानखडे वलगावची. आयटीआयत फिटरच्या वर्गात एकटी मुलगी. "सासरी पाना घेऊन जाशील काय वं?" म्हणून चिडवणारे आता तिलाच मशीन दाखवायला बोलावतात. अकोल्याच्या एमआयडीसीत ती डाळ मिलींत मशीन तपासत फिरते. पिशवीत अंगठ्याएवढा सेन्सर, त्याच्या बुडाला चुंबक. तो बेरिंगच्या हाउसिंगवर, म्हणजे लोखंडी कवचावर, चिकटवायचा अन् मशीन किती थरथरते ते मीटरवर वाचायचं. आकडा चारच्या आत, तर मशीन बरी.

गेल्या उन्हाळ्यात एका डाळ मिलच्या ब्लोअरचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचा, आकडा तिच्या मीटरवर आला साडेअकरा. मालक तिथल्या म्हाताऱ्या फिटरवर, शेषरावांवर, सर्वांसमोर खेकसला, "तीस वर्षं काय झक मारली? बेरिंग गेलं अन् तुमाले पत्ता नाही! सोमवारपासून येऊ नका."

मी कामगार युनियनचं काम पाहतो, म्हणून शेषरावांचा मला फोन आला. अशा वेळी मला चप्पल घालायचाही धीर निघत नाही. पोचलो तर प्रियदर्शनी तिथेच उभी. तिच्यावरच घसरलो.

"तुह्या या खेळण्यापायी माणसाची भाकर जाऊन राहिली, समजते काय तुले?"

"समजते भाऊ. म्हणूनच परत आली न. एकदाच मोजून मी रिपोर्टवर सही करत नाही."

शेषरावांनी लांब पेचकस ब्लोअरला टेकवला, मूठ कानाला लावली. "आवाज साफ हाय. काही झालं नाही याले."

तिने सेन्सर चिकटवला अन् बोटाने हलवून पाहिला. डुलला.

"काका, हा रंग कोणं मारला?"

"म्या. दर दसऱ्याले. तेल, हळद, कुकू, अन् दिवाळीच्या आत वरून हिरवा रंग. पंधरा वर्षांत एकदा चुकलो नाही."

म्हणजे कुंकवावर रंग, रंगावर कुंकू. थर चांगला भाकरीएवढा जाड.

"मंग चुंबक लोखंडावर बसलाच नाही, काका. तुमच्या दसऱ्यावर बसला. थो डुलते, म्हणून आकडा वाढते."

तिने पिशवीतून खरवडायचं पातं काढलं. मी असतो तर सरळ खरवडलं असतं. तिच्या काय अन् माझ्या काय, बुद्धाच्या घरात कुंकू कुठलं! तिने पातं शेषरावांपुढे धरलं.

"पूजा तुमची हाय. तुमीच काढा."

म्हाताऱ्याने आधी हात जोडले, मग खरवडलं. लोखंड चमकलं. चुंबक खट्टकन बसला. दोन पूर्णांक आठ.

मालकाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बसा, चहा सांगतो."

"चहा मंग," मी म्हटलं. "ज्यांच्यासमोर खेकसले, त्यांच्यासमोर माफी मागा."

मागितली. हळू आवाजात, पण चार हमालांच्या देखत. शेषराव सोमवारी कामावर होते.

यंदाच्या दसऱ्याला मुद्दाम गेलो. ब्लोअरला हळद-कुंकू होतं, झेंडूचा हार होता. हाउसिंगवर मात्र रुपयाएवढी जागा कोरी, घासून चकचकीत, गंजू नये म्हणून तेलाचं बोट फिरवलेली. बाजूला शेषरावांचं खडूने लिहिलेलं वाकडं अक्षर:

"प्रियदर्शनीची जागा. कुकू लावू नये."